आजीचे हाड आणि तीन भावंडांची मूठ

माझी आजी, म्हणजे आईची आई, ९३ वर्षे जगली. शेवटच्या वर्षापर्यंत ती स्वतःची वेणी स्वतः घालत असे आणि सकाळी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवल्याखेरीज चहाचा कप हातात घेत नसे. ती गेल्यापासून आमच्या आजोळी एक वाक्य वारंवार ऐकू येते. कोणाची साखर वाढली, कोणी पायरीवरून घसरले, कोणाला जिना चढताना धाप लागली, तरी घरातले कोणीतरी म्हणतेच, "काय हुतंय त्येला, हाड म्हातारीचं हाय." मी गेली २२ वर्षे कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि थोड्याफार फरकाने हेच वाक्य रोज कुठल्या ना कुठल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडून ऐकते. त्या वाक्यात माया आहे आणि घराण्याचा अभिमानही आहे. परंतु त्याच्या भरवशावर माणसे तपासण्या आणि व्यायाम पुढे ढकलत राहतात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की एकदा आपल्याच घरात ते पारखून पाहावे, असे मला वाटू लागले.

गेल्या भाऊबीजेला दोन्ही मामा ओवाळून घ्यायला आमच्याकडे आले होते. थोरले मामा ७४ वर्षांचे, भोगावतीकाठच्या गावी अजून स्वतः शेती पाहणारे. धाकटे मामा ७१ वर्षांचे, उद्यमनगरातल्या फौंड्रीत उभी हयात घालवून निवृत्त झालेले. माझी आई दोघांच्या पाठची, ६८ वर्षांची. शेजारच्या घरी दिवाळसणाला आलेले नवे जावई आमच्या घरातल्या थोरांच्या पाया पडायला आले, तेव्हा ते वयाने मोठे समजून आधी धाकट्या मामांसमोर वाकले. कोणी काही बोलले नाही, पण धाकट्या मामांनी क्षणभर थोरल्यांकडे पाहिले, ते माझ्या लक्षात राहिले.

जेवणे झाल्यावर मी क्लिनिकमधून आणलेले पकडशक्ती मोजण्याचे यंत्र बाहेर काढले. दिसायला ते साधे आहे: मुठीत दाबायची एक धातूची मूठ आणि वर घड्याळासारखी तबकडी. तबकडीवर दोन काटे असतात. दाब सोडला की एक काटा शून्यावर परत येतो आणि दुसरा जिथवर पोहोचला तिथेच थांबतो. खुर्चीवर ताठ बसायचे, कोपर काटकोनात ठेवायचे, उजव्या हाताने तीन वेळा दाबायचे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहून घ्यायचा. थोरल्या मामांचा काटा ३४ किलोवर थांबला, धाकट्यांचा २१ वर आणि आईचा १३ वर. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेली किमान मर्यादा पुरुषांसाठी २८ किलो आणि स्त्रियांसाठी १८ किलो आहे. तिघांपैकी एकच जण तिच्या वर होता. धाकट्या मामांनी यंत्र उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "यंत्रात कायतरी गफलत हाय बघ. हाड तर एकाच म्हातारीचं हाय की."

मुठीचा आकडा मी इतका मनावर का घेते, हे सांगायला हवे. मूठ हे साऱ्या शरीरातील स्नायूंचे प्रातिनिधिक माप आहे. भारतासह १७ देशांत सुमारे १,४०,००० लोकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पकडशक्ती दर ५ किलोंनी कमी असेल तर पुढील काही वर्षांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. सुरकुत्या आणि पांढरे केस यांवरून आपण वय जोखतो, परंतु शरीर आतून किती झिजले आहे, हे मूठ, चालण्याचा वेग आणि खुर्चीवरून हात न टेकता उठता येणे या तीन गोष्टी अधिक खरेपणाने सांगतात.

आता धाकट्या मामांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो प्रश्न खरोखरच मोलाचा आहे. सख्ख्या भावंडांची जनुके सरासरीने निम्मीच सारखी असतात. त्यामुळे या तिघांमधला फरक वाटणीत वेगवेगळी जनुके आल्यामुळे पडला की वेगवेगळे आयुष्य वाट्याला आल्यामुळे, हे आमच्या दिवाणखान्यात बसून ठरणार नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ जुळ्यांकडे वळले. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर दोन वेगळ्या अंड्यांपासून झालेली जुळी ही जनुकांच्या दृष्टीने साधी भावंडेच असतात. पहिल्या प्रकारच्या जोड्यांची आयुर्मर्यादा दुसऱ्या प्रकारच्या जोड्यांपेक्षा किती अधिक जुळते, यावरून आनुवंशिकतेचा वाटा काढता येतो. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांचा असा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयुर्मर्यादेतील फरकांपैकी पुरुषांत सुमारे २६ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २३ टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो, असे दिसले.

पुढे २०१८ साली ४० कोटींहून अधिक लोकांच्या वंशावळी तपासल्या गेल्या, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष आपल्याकडच्या सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींना चटकन पटेल असा आहे. ज्यांच्यात रक्ताचे नाते नाही आणि जे एका घरातही राहिलेले नाहीत, अशा दीर-भावजयी, मेहुणे-मेहुण्या यांचीही आयुर्मर्यादा काही प्रमाणात एकमेकांशी जुळत होती. याचे कारण असे की माणसे आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या, आपल्यासारखेच खाणेपिणे आणि शिक्षण असलेल्या घरांत लग्ने करतात. हा परिणाम वजा केल्यावर आनुवंशिकतेचा वाटा १० टक्क्यांच्याही खाली आला. याउलट, अलीकडेच इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी असे दाखवले की साथीचे रोग, अपघात अशा बाहेरून येणाऱ्या मृत्यूंचा हिशेब वेगळा काढला, तर उरलेल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात प्लेग आला, तेव्हा पंचविशीत दगावलेल्या माणसाच्या अंगी नव्वदी गाठण्याचे गुण होते की नव्हते, हे कळायला वावच राहिला नाही. अशा मृत्यूंची भर पडली की जनुकांचा परिणाम झाकला जातो.

एक चतुर्थांश, दहावा भाग आणि निम्मा, हे तीन आकडे ऐकून वाचक गोंधळेल, म्हणून त्यांचा अर्थ नीट सांगते. तो मला थोरल्या मामांच्या उसाने शिकवला. त्यांची जमीन दोन ठिकाणी आहे, एक तुकडा नदीकाठच्या मळीत आणि दुसरा वर माळावर. दोन्हीकडे त्यांनी ८६०३२ हीच जात लावली होती. मळीत एकरी ६० टन ऊस निघाला आणि माळावर ३५. बियाणे एकच, तेव्हा हा सारा फरक मातीचा आणि पाण्याचा. पुढच्या लागणीला त्यांनी मळीच्याच रानात अर्ध्या भागात ८६०३२ आणि अर्ध्या भागात २६५ लावला. माती तीच, पाणी तेच, खत तेच, म्हणून तिथे दिसलेला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा. आता कोणी विचारले की उसाच्या उताऱ्यात बियाण्याचा वाटा किती टक्के, तर उत्तर 'कुठल्या रानात' यावर अवलंबून राहील. रान जितके एकसारखे, तितका बियाण्याचा टक्का मोठा दिसतो. रान जितके उंचसखल, तितका तो लहान दिसतो. माणसांचे तसेच आहे. आनुवंशिकतेचा टक्का एका विशिष्ट समूहातील, विशिष्ट परिस्थितीतील फरकांविषयी बोलतो. आजीच्या ९३ वर्षांपैकी २३ वर्षे जनुकांनी दिली आणि ७० वर्षे परिस्थितीने दिली, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. हे मी मामांना सांगितले, तेव्हा ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मग? क्षारपड रानात कुठलं बी बियाणं लाव, त्येनं काय करावं?"

जनुकांना कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. प्रोजेरिया या अतिशय दुर्मिळ आजारात एलएमएनए या एकाच जनुकातील एका बदलामुळे मूल अगदी लहान असतानाच त्याचे केस जातात, त्वचा पातळ होते आणि रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक होतात. हे कारण २००३ साली सापडले. एपीओई नावाच्या जनुकाचा ई४ हा प्रकार अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, जरी तो असणाऱ्या प्रत्येकाला तो आजार होतोच असे नाही. शिवाय वयाच्या टोकाला जनुकांचे वजन वाढत जाते. उत्तर युरोपातील जुळ्यांच्या अभ्यासांत साठीपर्यंतच्या आयुष्यावर आनुवंशिकतेचा प्रभाव फारसा दिसत नाही, त्यानंतर मात्र तो वाढत गेलेला दिसतो. त्यामुळे आजीने नव्वदी ओलांडली, यात तिच्या रक्ताचा हात असणे अगदी शक्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आजीकडून तिच्या मुलांना रक्ताबरोबर आणखीही बरेच काही मिळाले, आणि ते तिघांना सारखे मिळाले नाही.

त्या घरात चूल होती. लाकडे आणि शेणींवर चालणाऱ्या त्या चुलीपुढे माझी आई वयाच्या आठव्या वर्षापासून फुंकणी घेऊन बसत होती. तिचे भाऊ त्या वेळी रानात किंवा तालमीत असत. अशा धुराने फुप्फुसांचा जुनाट आजार आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, हे आता पक्के ठाऊक आहे. त्या घरात मशेरी होती. आजी लावत असे, म्हणून आईही लावू लागली. आणि त्या घरात जेवणाचा एक क्रम होता. मटण शिजले की आधी पुरुषांची पंगत बसे, मग मुलांची, आणि शेवटी चुलीशेजारी बायका. तोवर पातेल्यातल्या फोडी संपलेल्या असत. बायकांच्या वाट्याला रस्सा येई, आणि त्यात भाकरी कुस्करून त्या समाधानाने उठत. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे कौतुक आपण सगळेच करतो आणि ते रास्तही आहे, परंतु स्नायू फोडींतल्या प्रथिनांनी बांधले जातात. एकाच आईच्या पोटी जन्मलेली, एकाच पातेल्यातले जेवलेली ही तीन मुले वेगवेगळ्या परिस्थितीत वाढली, ही गोष्ट मला स्वतःला समजायला फार उशीर झाला.

आईच्या बाबतीत तर ही परिस्थिती तिच्या जन्माआधीच सुरू झाली होती. आजी सांगायची की तिसऱ्या खेपेला ती आठव्या महिन्यापर्यंत भांगलणीला जात होती, कारण त्या वर्षी घरात करणारे दुसरे कोणी नव्हते. आई जन्मली तेव्हा "सुपात घातली तर दिसायची न्हाई" एवढी लहान होती. वजन करायला कोणाकडे काटा नव्हता. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला आहे. त्याविषयी मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला आजीचे ते बोलणे आठवले होते. त्या गावांतील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु खरी बाब पुढेच आहे. पुण्याकडची बाळे सगळ्याच मापांनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान होते, आणि त्या मानाने त्वचेखालची चरबी मात्र राखलेली होती. दिसायला कृश, पण आतून चरबीचे प्रमाण जास्त, असा हा देह जन्मापासूनच घडलेला होता. ज्या माता गरोदरपणी जास्त अंगमेहनत करत होत्या त्यांची बाळे अधिक लहान होती, आणि ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा येत होते त्यांची बाळे मोठी होती. पुढे असेही दिसले की ज्या मातांत फोलेट भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होती.

याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचीच मापे शेजारी शेजारी छापली होती. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्या आईचे वजन आयुष्यात कधी ५० किलोंच्या वर गेले नाही आणि तरीही ४७ व्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले होते, कारण आमच्या समजुतीप्रमाणे साखर जाड माणसाला होते. इंग्लंडमधील अभ्यासांत असेही आढळले आहे की जन्माच्या वेळी कमी वजन असलेल्यांची पकडशक्ती उतारवयातही कमी भरते. एकट्या माणसाच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांची अशी सरळ जोडणी करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या १३ च्या आकड्याकडे पाहताना मला वाटले की काटा जिथे थांबला आहे, तिथवरचा रस्ता भांगलणीच्या त्या रानातून आलेला असावा.

बाहेरची परिस्थिती शरीरात उतरते कशी, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर मी रुग्णांना सातबाऱ्यावरून सांगते, कारण कोल्हापुरात तो उतारा न पाहिलेला माणूस विरळा. सातबाऱ्यात दोन नमुने एकत्र असतात. नमुना सातमध्ये जमीन कोणाची, क्षेत्र किती, हे लिहिलेले असते आणि ते पिढ्यानपिढ्या सहसा बदलत नाही. नमुना बारा हा पीकपाहणीचा. त्या वर्षी रानात काय लावले होते, काय पड राहिले, हे त्यात दर हंगामाला नोंदले जाते. जनुकांतील मजकूर नमुना सातसारखा आहे. त्यावर मिथिल नावाच्या लहानशा रासायनिक खुणा बसतात आणि उठतात, त्यांनी कोणते जनुक बोलके राहील आणि कोणते गप्प बसेल हे ठरत जाते. त्या खुणा नमुना बारासारख्या आहेत. उपासमार, तंबाखू, आजार, व्यायाम यांच्या नोंदी तिथे पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी आईच्या पोटात सुरुवातीच्या काळातील गर्भ असलेल्या माणसांच्या रक्तात, वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावरील खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी आढळल्या. संशोधक स्टीव्ह हॉर्वाथ यांनी २०१३ साली अशा ३५३ ठिकाणच्या खुणा पाहून माणसाचे वय सांगण्याची पद्धत शोधली, आणि स्पेनमधल्या एकबीज जुळ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासात लहानपणी जवळजवळ सारख्या असलेल्या या खुणा उतारवयात, विशेषतः वेगवेगळे आयुष्य जगलेल्या जोड्यांमध्ये, बऱ्याच भिन्न झालेल्या दिसल्या.

म्हातारपण साठीला सुरू होते हा समजही यामुळे टिकत नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. ती सगळी ३८ वर्षांची झाली तेव्हा मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे, दात, रक्तवाहिन्या यांच्या तपासण्यांवरून त्यांचे जैविक वय काढले, तर ते कोणाचे २८ भरले आणि कोणाचे ६१. एकाच गावात, एकाच सुमारास जन्मलेली मुले!

धाकट्या मामांनी ३१ वर्षे फेटलिंगचे काम केले. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि कडा घासून काढायच्या, हे ते काम. त्यातून उडणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की ती फुप्फुसांच्या अगदी आतल्या पोकळ्यांपर्यंत जाते आणि तिथेच राहते. शरीर तिला बाहेर काढू शकत नाही, पण प्रयत्न सोडतही नाही, आणि त्यातून मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. असा जुनाट दाह फुप्फुसांपुरता राहत नाही. तो स्नायूंची झीजही वाढवतो. मामा सांगतात की त्यांच्या कारखान्यात मास्क होते, पण ते कपाटात असत आणि तपासणीला कोणी येणार असेल तेव्हा वाटले जात. आठवड्याआड रात्रपाळी, जागे राहण्यासाठी गालात तंबाखू, सकाळी झोप आणि दुपारी अर्धेच जेवण, असे त्यांचे आयुष्य गेले. मी त्यांना ४ मीटर चालायला सांगितले तर त्यांना ६ सेकंद लागले. सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेग धोक्याचा मानतात. ज्या मोटारींचे आणि पंपांचे भाग कोल्हापूरने देशभर पाठवले, त्यांच्यासाठी या माणसांनी आपल्या म्हातारपणातली काही वर्षे आधीच खर्चून टाकली, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक माणूस या ठिकाणी मला सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या गळीत हंगामात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतील एक बाई पाठदुखी घेऊन माझ्याकडे आली. वय ४१. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत एकही दिवस खाडा करणे परवडत नाही. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून ती दिवसातून कितीतरी वेळा वर चढत होती. तिच्या मणक्याचे चित्र पाहिले तर एक मणका पाचरीसारखा दबलेला होता, आणि हाडांची घनता सत्तरीच्या बाईची असावी तितकी होती. विचारल्यावर कळले की २९ व्या वर्षी तिची गर्भपिशवी काढलेली आहे, आणि त्यासोबत बीजकोशही. बीजकोश गेले की इस्ट्रोजेन त्याच दिवसापासून आटते आणि हाडे भराभर ठिसूळ होऊ लागतात. बीजकोश राहिले तरीही गर्भपिशवी काढल्यावर त्यांचे काम नेहमीपेक्षा लवकर थांबू शकते. बीड जिल्ह्यातील अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारने २०१९ साली समिती नेमली होती. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्या बाईने जाताना मला एक गोष्ट सांगितली: "माय माझी सत्तरीची हाय, ती अजून ताठ चालती, अन् मीच वाकले." आईकडून आलेले हाड तिच्यातही होतेच. हंगामाची उचल, मोळीचे ओझे आणि कुणीतरी घाईने सुचवलेली शस्त्रक्रिया यांनी त्याचे काय केले, ते माझ्यासमोर होते.

म्हातारपणाच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ते हेच. 'जनुके आणि परिस्थिती' असे म्हणताना परिस्थिती हा शब्द आपण हवामानासारखा वापरतो, जणू ती कोणाच्याच हातात नाही. मास्क कपाटात ठेवायचा की कामगाराच्या तोंडावर, पंगतीत कोण आधी बसणार, गरोदर बाईला रानात पाठवायचे की नाही, हे निर्णय माणसे घेतात. रक्ताला दोष देणे सोपे आहे, कारण त्यात कोणाला काही बदलावे लागत नाही.

आता थोरल्या मामांचे ३४. त्यांनी बावीस-तेवीस वर्षांपर्यंत तालमीत लाल मातीत मेहनत केली आणि नंतर खुराक कमी केला, पण अंगमेहनत सोडली नाही. माझ्याकडे गुडघे आणि हृदयविकार घेऊन येणारे अनेक जुने पैलवान नेमके याच्या उलट वागलेले असतात. जोर-बैठका पंचविशीत थांबतात, दूध-तूप-बदाम साठीपर्यंत चालू राहतात, आणि वस्तादांनी कमावून दिलेले शरीर वीस वर्षांत हातचे जाते. तरुणपणीचा व्यायाम ही कायमची ठेव नव्हे, हे त्यांना सांगताना मला वाईट वाटते, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपले शरीर पोलादी राहील असे खरोखर वाटत असते.

सुदैवाने उलट दिशेनेही रस्ता आहे, आणि तो फार उशिरापर्यंत खुला असतो. अमेरिकेतील बोस्टनमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले गेले होते. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सातबाऱ्यावरचा बोजा जसा फेडल्यावर उतरवता येतो, तसेच काहीसे शरीराचे आहे. सगळा उतरत नाही, पण बराच उतरतो.

दिवाळीनंतर मी आईला आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू केला. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून ढकलणे, आणि पाण्याच्या लिटरभराच्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे. सुरुवातीला पाच वेळा उठायला-बसायला तिला १७ सेकंद लागत होते. १२ सेकंद ही मर्यादा आहे. पहिले दोन आठवडे ती कुरकुरली, तिसऱ्या आठवड्यात तिने बाटल्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळून मुठी केल्या, कारण प्लॅस्टिक हातातून निसटत होते. आहारात रोज एक अंडे, वाटीभर उसळ आणि दही आले. बी-१२ तपासले, ते कमी होते, त्याचे उपचार झाले. मशेरीचा डबा अजून देवघराच्या कपाटात आहे. ती लावत नाही असे सांगते, आणि मी तो उघडून पाहिलेला नाही.

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी दोन्ही मामा पुन्हा आले. धाकट्या मामांची फुप्फुसे तपासून घेतली आहेत. गेलेले परत येणार नाही, पण श्वासाचे व्यायाम ते आता सकाळी रंकाळ्यावर बसून करतात आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालतात. तंबाखू सुटलेली नाही. मटणाचे पातेले ओट्यावर होते आणि मी ताटे घेत होते. आईने पळी माझ्या हातातून घेतली, पातेल्याच्या तळाशी घालून दोन फोडी आपल्या ताटात आधी वाढून घेतल्या आणि मग भावांची ताटे भरली. धाकट्या मामांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत. जेवताना त्यांनी तिला विचारले, "आकडा किती आला गं?"

"सोळा," आई म्हणाली, आणि तिने मीठ त्यांच्याकडे सरकवले.